पिस्तूल माझं, काडतूस त्याचं

३ फेब्रुवारी, शनिवार

प्लास्टर निघालं! आतून जे मनगट निघालं ते माझं नव्हेच – पांढरं, वाळलेलं, पापुद्रे सुटलेलं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात जड काही उचलायचं नाही. मी विचारलं, पिस्तूल जड म्हणायचं का? त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. म्हणजे नाही तर म्हणाले नाहीत ना.

घरी आल्या आल्या पिस्तूल काढलं. नोव्हेंबरपासून तेलाच्या फडक्यात गुंडाळून पडलंय बिचारं. वरची सरकती स्लाइड मागे ओढायला गेले, ती निम्मी आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पोलिंग दारात उभा, त्याच्या नेहमीच्या लाडाच्या हाकेसकट. "दाय, मी पुसून देऊ का?" म्हटलं, हात तर लावून बघ.

ही आमची लग्नापासूनची वाटणी. पिस्तूल माझं, काडतूस त्याचं. मी सेबू बेटावरच्या दानाओ गावातल्या बंदूक-कारागिराची मुलगी, हातात कानस घेऊनच वाढले. पोलिंग बाबांच्या कारखान्यात काडतुसं भरायला आला आणि घरचाच होऊन बसला. आम्ही नवरा-बायको एका ताटात जेवतो, पण एकमेकांच्या बाकाला हात लावत नाही. भांडणं तेवढी कमी होतात.

लिहूनच ठेवते, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही. मे महिन्यात इलोइलोला नेमबाजीचा निवड सामना आहे. महिला संघातल्या बाकीच्या जणी ठरल्यात, एकच जागा रिकामी आहे. गेल्या खेपेला ती अगदी हातातोंडाशी येऊन गेली. मला आता बावन्न पूर्ण होतील, पुढच्या खेपेची वाट कोण बघतंय. यंदा ती जागा मी घेणार.

४ फेब्रुवारी, रविवार

ओलं फडकं पिळायचा व्यायाम सुरू. घरातली सगळी फडकी पिळून झाली, मग पोलिंगचा सदराही सुटला नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

चर्चनंतर रोसविदा आली. नारळाच्या पातीत शिजवलेल्या भाताच्या पुड्या आणि डुकराचं भाजलेलं मटण घेऊन. ती मटण आणते तेव्हा मनात काहीतरी असतंच. त्या रिकाम्या जागेवर तिचाही डोळा आहे, आणि ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून मानानं मला नांग म्हणते आणि पोलिंगला नोंग.

"नांग निला, तुम्ही आता पंच व्हा. बसायला खुर्ची मिळते, डोक्यावर छत्री मिळते."

म्हटलं, "खुर्ची तुझ्यासाठीच राखून ठेव. माझे नेम बघून पाय लटपटायला लागले की बसायला होईल."

ती खो खो हसली. वाईट नाही पोरगी. जाताना माझं मनगट हातात घेऊन दाबून पाहिलं, आणि पोलिंगकडे वळून म्हणाली, "नोंग पोलिंग, त्या कुत्र्याला पकडलंत की नाही अजून?"

पोलिंग ताटं उचलून आत गेला. कार्मेनच्या बाजारातून येताना, दिवेलागणीला, त्यानं मोटरसायकल पाडली त्याला आता तीन महिने होतील. कुत्रं आडवं आलं म्हणाला. मी मागे बसून सुक्या मासळीची पाटी सांभाळत होते, मला काय दिसणार. मासळी सगळी रस्त्यावर आणि मी तिच्यावर. त्या दिवसापासून त्यानं ती गाडी काढलेली नाही. विचारलं की म्हणतो, पाठ धरते. खरं तर मन धरलंय त्याचं. मी सांगितलंय, हाड माझं मोडलं, मी विसरले, तूही विसर. ऐकेल तर शप्पथ.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज रेंजवर गेले. रात्रभर – नको, ते लिहीत नाही. झोप लागली नाही एवढंच.

पोलिंगनं माझ्यासाठी काडतुसांचा नवा घाणा भरला होता. त्याची भरण्याची तऱ्हा सगळ्या दानाओत चेष्टेचा विषय आहे. बाकीचे लोक काडतुसं भरायच्या प्रेसवरच्या मापातून दारू सोडतात, दांडा ओढला की पुंगळी भरली. पोलिंगला ते माप पटत नाही. तो प्रत्येक पुंगळीची दारू छोट्या पळीनं काट्यावर तोलतो, मग ओततो, मग वर शिसं बसवतो. सोनार म्हणतात त्याला. पण त्याच्या काडतुसावर डोळे मिटून भरवसा ठेवावा, हे चेष्टा करणारेही कबूल करतात.

बाबांच्या कारखान्याचा रिवाज आम्ही अजून पाळतो. ज्यानं भरलं, त्यानं नव्या घाण्यातलं पहिलं काडतूस स्वतः झाडायचं. काही चुकलंच असेल तर त्याच्या हातात चुकू दे. पोलिंग नेहमी वाळूच्या बांधावर बाटलीचं बूच ठेवून ते उडवतो, आणि मग "जा, तुझी पाळी" म्हणतो. आज बूच ठेवलंच नाही. नुसती वाळूत झाडली, मान वाकडी करून आवाज ऐकला. रेंजचे मालक नोंग सिमो म्हणाले, "काय रे, बुचाची दया आली?" तर म्हणतो, "आवाजावरून कळतं सगळं. आता बूच कशाला?"

मग मी. पहिली गोळी उडवताना दात आवळून धरले होते. आणि काय सांगू – दुखलं नाही! धक्का आला तो असा मऊ, की मी दोनदा पिस्तुलाकडे पाहिलं. नेम मात्र सगळीकडे विखुरले, कोंबडीपुढे दाणे टाकल्यासारखे. ते सुधारेल. दुखलं नाही हे मोठं.

घरी येताना पोलिंगला म्हटलं, बघ, डॉक्टरांना काय कळतंय.

२ मार्च, शनिवार

आज पिस्तूल अडकलं. एकदा नव्हे, सारखं. गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही, स्लाइडच्या तोंडात उभी राहते आणि पुढचं सगळं ठप्प. रोसविदा बघत होती. "मनगट सैल पडतंय, नांग." हे खरंच असतं. हात ढिला पडला की स्लाइड पूर्ण मागे येत नाही. मला रडूच आलं, पण तिच्यासमोर नाही. नोंग सिमोंच्या गाडीच्या मागे जाऊन नाक शिंकरलं.

३ मार्च, रविवार

पिस्तूल सगळं खोललं. पुंगळी ओढणारा आकडा पाहिला, शाबूत. नळीत शिशाची पुटं नाहीत. मी साफ करते त्यात कधी काही सापडायचं नाही, पण पाहिलं. मग राहिलं काय? माझं मनगट, नाहीतर स्प्रिंग. मनगट बदलता येत नाही, स्प्रिंग येते. डब्यातून एका नंबरानं हलकी काढून बसवली.

पोलिंग बाकावरून विचारत होता, "काय झालं?" म्हटलं, तुझ्या बाजूचं काही नाही, माझ्या बाजूचं आहे. तो प्रेसकडे वळला.

९ मार्च, शनिवार

हलकी स्प्रिंग लोण्यासारखी चालली. एकदाही अडकलं नाही. नेम जवळ यायला लागलेत. रोसविदानं आज छत्रीचं नाव काढलं नाही.

१६ मार्च, शनिवार

नीट लिहिते.

चौथ्या फेरीत चाप ओढला आणि धडाम ऐवजी नुसतं फुस्स झालं. मी थांबले. बोट चापावरून बाहेर. बाबांनी लहानपणी कानाला धरून शिकवलंय – आवाज कमी आला तर देव आला तरी दुसरी गोळी झाडायची नाही. मॅगझीन काढलं, स्लाइड मागे घेतली, उजेडापुढे नळी धरली. उजेड नव्हता. गोळी मध्येच रुतलेली. पुंगळीत दारूच नव्हती, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, नुसत्या तिच्या जोरावर ती तिथवर गेली होती. वर दुसरी झाडली असती तर नळी हातात फुटली असती.

नोंग सिमोंनी पितळी सळईनं ठोकून गोळी काढली. "पोलिंगच्या काडतुसात? माझा विश्वास बसत नाही," असं तीन वेळा म्हणाले. मी म्हटलं, माणूस आहे, एखादं सुटतं. मी त्याची बाजू घेतली, आणि तो तिकडे बाकड्यावर बसून होता, तोंड राखेसारखं. काय झालं विचारलं तर म्हणाला, टोपी ओली असेल. टोपी ओली असती तर तेवढंही झालं नसतं, हे त्याला माझ्याहून जास्त कळतं. पण त्याचा चेहरा बघून मी विषय वाढवला नाही.

घरी येऊन त्यानं सगळा घाणा मोडला. एकेक शिसं उपटलं, दारू अंगणात पसरून जाळली. मी म्हटलं, सगळा कशाला? म्हणाला, "तुझा हात आहे, दाय."

२९ मार्च, शुक्रवार

गुड फ्रायडे. रेंज बंद, बाजार बंद, कोंबडेसुद्धा हळू ओरडतायत असं वाटतं. मी नारळाच्या दुधातली साबुदाणा-रताळ्याची खीर केली, शेजारी वाटली.

चर्चमध्ये येशूच्या दुःखभोगाचं वाचन दर वर्षी पोलिंग करतो. त्याचा आवाज भरदार, बायका खास ऐकायला येतात आणि मला डोळे मिचकावतात. यंदा त्यानं पुस्तक सरळ दुसऱ्याच्या हातात दिलं. घसा बसलाय म्हणे. आणि संध्याकाळी मासा साफ करताना स्वयंपाकघरात मस्त गळा काढून गात होता! काटे बोटांनी चाचपून काढत होता, अगदी निवांत. म्हटलं, घसा सुटला वाटतं? तर गाणं थांबलं. म्हातारा व्हायला लागला की माणूस लहरी होतो. माझे बाबाही असेच झाले होते.

१३ एप्रिल, शनिवार

पोलिंगच्या नव्या घाण्यावर आज जमलं! जे मनात धरलं ते झालं. पिस्तूल वर येतं ते जागेवर, गोळी सुटते, आणि नळी हलल्यासारखी वाटतच नाही, नळीच्या टोकावरची नेमाची माशी लगेच पुन्हा निशाणावर बसते. गेल्या वर्षी धड हाताने एवढं जमत नव्हतं. रोसविदानं माझ्या निशाणाजवळ जाऊन भोकं बोटानं मोजली. मग म्हणाली, "नांग, ते प्लास्टर कुठे मिळतं? मी पण घालून घेते."

मनगट पूर्वीपेक्षा चांगलं झालंय, दुसरं काय. फडकी पिळली ती फुकट गेली नाहीत.

२८ एप्रिल, रविवार

सामन्याआधीची मोठी साफसफाई. ही मला सगळ्यात आवडते. अंगणात चटई, चटईवर जुनी चादर, चादरीवर पिस्तुलाचा एकेक भाग आपल्या जागी. नळीतून फडकं फिरवायचं, काळं निघतं, मग राखाडी, मग पांढरं. चापाच्या खिळीला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. पुढच्या माशीवर लाल ठिपका नवा रंगवला. पोलिंगला विचारलं, दिसतोय ना ठसठशीत? म्हणाला, "फार छान." पाठमोरा होता तो, पण त्याला माझ्या कामाची खात्री आहे.

नोंग सिमो आले होते. म्हणाले, निघण्यापूर्वी माझ्या यंत्रावर चार गोळ्या मोजून बघ. सामन्यात मोजतात ना, म्हणून. नियम साधा आहे – गोळीचं वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा. दारू कमी घातली की गोळी मऊ सुटते, धक्का बसत नाही, नेम पटकन परत लागतो. ती लबाडी. आकड्याखाली गेलं की गुण सगळे शून्य.

पोलिंग एकदम उसळला. "माझ्या काट्यावर भरवसा नाही का तुमचा?" तो असा कधी बोलत नाही. नोंग सिमो ओशाळले. आणि मी, मी पोलिंगची बाजू घेतली! म्हटलं, आजवर त्याचा घाणा कधी कमी भरलाय का? कशाला अपमान करायचा. नोंग सिमो कॉफी अर्धी टाकून गेले.

९ मे, गुरुवार

सेबूहून बोटीनं निघालो. काडतुसांचा डबा पोलिंगनं मांडीवर घेतलाय, जणू त्यात अंडीच आहेत. रोसविदा आमच्याच बोटीवर. तिघांनी मिळून सुकी मासळी आणि भात खाल्ला. शिडी चढताना पोलिंग अडखळला, तर ती म्हणाली, "नोंग, आतापासूनच पाय लटपटायला लागले? खुर्ची आणू?" तोही हसला.

मला भीती वाटत नाही. खरंच नाही. इतकी तयारी मी आयुष्यात कधी केली नव्हती.

११ मे, शनिवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

सकाळचे तीन टप्पे असे गेले की माझा माझ्यावर विश्वास बसेना. फळ्यावर महिलांत माझं नाव सगळ्यात वर. मग वेग मोजायच्या टेबलावर बोलावलं. माझ्याच डब्यातून काडतुसं घेतली, माझ्याच पिस्तुलातून झाडली. पहिला आकडा खाली. दुसरा त्याहून खाली. तिसरा जवळ आला, तरी खालीच. टेबलावरच्या माणसानं यंत्र पुसून पाहिलं, स्वतःच्या गोळीनं तपासलं, यंत्र बरोबर. पुन्हा माझी. एक अगदी काठावर, आणि पुढची तर एवढी खाली, की तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ही नळीतून बाहेर आली हे नशीब."

कमी. सगळं मिळून कमी. माझ्या नावापुढचे गुण पुसले. खेळायचं तर खेळा म्हणाले, पण गुण मिळणार नाहीत.

मागे रांगेत कोणीतरी बोललं, मी ऐकलं – "म्हणूनच म्हातारीचा हात हलत नव्हता." अंगाला आग लागल्यासारखं झालं. लबाड! मी! बंदूक-कारागिराची मुलगी!

पोलिंग कुंपणापाशी उभा होता. मी त्याच्याकडे गेले नाही.

१२ मे, रविवार

उरलेले टप्पे खेळले. गुण नसले म्हणून काय झालं. आल्या पावली परत जायला मी आले नव्हते.

रोसविदा स्वतःच्या काडतुसांचा डबा घेऊन आली. "नांग, माझी घ्या. पुरी भरलेली आहेत." पंचांना विचारलं, ते म्हणाले, गुणच नाहीत तर कुठली घ्यायची ती घ्या. मी चटई पसरून बसले, हलकी स्प्रिंग काढली, जुनी जड स्प्रिंग घातली. आता लक्षात येतंय की मी काय करून बसले होते. काडतूस कमजोर होतं, आणि मी आपल्या मनगटाला दोष देत चांगल्या पिस्तुलालाच कमजोर करून ठेवलं! पोलिंगच्या घाण्यावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुऱ्या भरलेल्या गोळ्यांचा धक्का खांद्यापर्यंत गेला. आणि मनगट टिकलं! दुखलं, पण टिकलं. शेवटचा टप्पा मी रोसविदापेक्षा चांगला खेळले, तिनंच सांगितलं, घड्याळ दाखवून. जागा तिला मिळाली. माझ्या गळ्यात पडून ती रडली आणि मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले. जिंकलेलीचं सांत्वन हरलेली करते, हा तमाशा पहिल्यांदाच पाहिला असेल लोकांनी.

म्हणजे माझा हात तयार होता. हे मला विसरता येत नाही.

१३ मे, सोमवार

परतीची बोट. पोलिंगला कठड्यापाशी गाठलं. म्हटलं, खरं सांग.

त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "हो. मुद्दाम कमी भरली. तुझं मनगट दुखू नये म्हणून."

मी म्हटलं, "मला विचारलंस? एका शब्दानं?"

"कमी गेली तर नुसतं हरणं आहे, दाय. जास्त गेली असती तर तुझा हात गेला असता."

"जास्त कशाला जाईल? काट्यावर तोलतोस ना?"

तो कठड्यावरचा गंज नखानं खरवडत राहिला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. दया केलीस माझ्यावर, हे मात्र बोलले. सगळ्यांसमोर मला लबाड ठरवलंस ते चालेल, पण माझ्या हातावर तुझा विश्वास नव्हता हे चालणार नाही. तो ऐकून घेत राहिला.

१५ मे, बुधवार

अबोला. मीठ हवं असलं तर मी कुत्र्याला सांगते, पोलिंगला मीठ दे म्हण. आमच्याकडे कुत्रा नाही.

ऑगस्टात दावाओला दुसरा निवड सामना आहे, राखीव जागेसाठी. नोंग सिमोंनी निरोप पाठवला. जाणार. राखीव तर राखीव! काडतुसं नोंग सिमोंकडून विकत घेईन. लग्नानंतर पहिल्यांदा. हे पोलिंगला भिंतीकडे तोंड करून सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि आपल्या बाकावर जाऊन नुसता बसला. प्रेसच्या दांड्यावर हात ठेवून, भरत काहीच नव्हता. मला राग होताच, पण ते बघवलं नाही.

१७ मे, शुक्रवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सामन्यातल्या वेगाच्या आकड्यांचा कागद पंचांनी दिलाय, मी सारखा काढून बघते. एक खाली, एक त्याहून खाली, एक जवळ, एक काठावर, एक तर भलतीच पडलेली. मुद्दाम कमी भरायची तर सगळी सारखी कमी भरता येतात. पोलिंगला तर येतातच, सोनार आहे तो. ही अशी वर-खाली कशी?

आणि त्या मार्चातल्या पुंगळीत तर दारूच नव्हती. मला दुखू नये म्हणून कोणी रिकामी पुंगळी देत नाही.

आज कार्मेनला मासळी आणायला गेले, बसनं. तो वळणावरचा आंबेवाला ओळखीचा आहे, आम्हाला त्यानंच उचललं होतं त्या संध्याकाळी. आंबे घेताना सहज म्हटलं, ते कुत्रं कोणाचं होतं हो? तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुत्रं? कुत्रं कुठलं, नांग? इथे रस्त्याच्या कामाचा वाळूचा ढीग होता. घराएवढा. नोंग पोलिंग सरळ त्यात शिरले."

आंबे तिथेच राहिले, परत जाऊन घेतले.

घरी आले तेव्हा तो दारात बसला होता. मी फाटक उघडलं तशी मान वर केली. मी पाऊल वाजवलं नाही, बोलले नाही. तो म्हणाला, "कोण आहे?"

१९ मे, रविवार

चर्चहून आल्यावर लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्या बाकाला हात लावला, तो अंगणात असताना. मग हाक मारली. म्हटलं, झालं गेलं राहू दे, ऑगस्टासाठी तूच भर. एक माप तोलून दाखव माझ्यासमोर.

त्याचा चेहरा फुलला. स्टुलावर बसला, काट्याचं बटण दाबलं, पळीनं दारू घेतली, ताटलीत सोडली. खाली वाकून आकड्याकडे बघितलं, अगदी नाक टेकेपर्यंत. चिमटीनं दोन कण काढले. पुन्हा बघितलं.

"बरोबर आहे," म्हणाला. "तुझं नेहमीचंच."

काट्याचे सेल माझ्या खिशात होते.